सर्पगंधेचें मूळ आणि रक्ताचा दाब

बुलढाणा जिल्ह्यांतील रोहिणखेड या गांवाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत येतें तें लढायांमुळें. बालाघाटाच्या पायथ्याशीं, खानदेश आणि वऱ्हाड यांच्या वाटेवर तें वसलेलें असल्यामुळें इ. स. १४३७ मध्यें बहामनी सेनापति खलफ हसन आणि खानदेशचा नसीरखान यांची गांठ येथेंच पडली; आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरचा जमालखान बुऱ्हाण निजामशहाच्या पक्षाशीं लढतांना येथेंच पडला. त्या काळची मशीद गांवांत आहे. परंतु रणांगणावर पडणाऱ्याला निदान आपला शत्रु दिसत असतो. येथें ज्या शत्रूची हकीकत सांगावयाची आहे तो रोहिणखेडांत काय किंवा मुंबईच्या गिरगांवांत काय, घराघरांत वर्षानुवर्षें मुक्कामाला असतो, आणि ज्याच्या घरीं तो राहतो त्याला त्याची चाहूलहि लागत नाहीं.

पन्नाशी उलटलेला, शेतावर राबणारा, भाकरी-ठेच्यावर तृप्त असणारा एखादा गृहस्थ घ्या. पानांत लोणचें आणि पापड असल्याशिवाय त्याचें जेवण होत नाहीं. त्याला ताप नाहीं, खोकला नाहीं, अन्न गोड लागतें. आरोग्य-उपकेंद्रांतील परिचारिका त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळते, आणि "दाब वाढला आहे, रोज गोळी घ्या" असें सांगते. तो हंसतो. मला तर कांहींच होत नाहीं, मग गोळी कशाला, हा त्याचा प्रश्न. आणि तो मुळींच वेडगळ नाहीं. कारण रक्ताचा दाब दुखत नाहीं. तो पुष्कळदां एकदमच आपलें नांव सांगतो. सकाळीं उठतांना उजवा हात उचलत नाहीं, शब्द जिभेवर अडखळतो, आणि घरांतील माणसें वैद्याकडे धांवतात. त्या गृहस्थाच्या प्रश्नाला आज उत्तर देतां येतें. पाऊणशें वर्षांपूर्वीं मोठमोठ्या वैद्यांनाहि तें देतां येत नव्हतें. आणि तें उत्तर सांपडण्याच्या कामीं मुंबईच्या परळ भागांतील एका रुग्णालयाचा आणि एका हृदयरोगतज्ज्ञाचा वांटा फार मोठा आहे. त्यांचें नांव डॉ. रुस्तम जाल वकील.

प्रथम हा दाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय हा एक पंप आहे. मिनिटाला सुमारें सत्तर वेळां तो आवळतो आणि रक्त रोहिणींत लोटतो. लोटण्याच्या क्षणीं रोहिणीच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा आंकडा. दोन ठोक्यांच्या मध्यें हृदय विसावतें, तरी नळ्यांत जो जोर शिल्लक राहतो तो खालचा आंकडा. चाळींतील नळाच्या तोंडावर बोट धरलें म्हणजे पाण्याची धार जोरानें उडते, हें प्रत्येकानें लहानपणीं करून पाहिलेलें असतें. शरीरांतील सूक्ष्म रोहिण्या आवळून बसल्या कीं तसेंच घडतें. तेंच रक्त अरुंद वाटेनें ढकलावयाचें म्हणून हृदयाला अधिक श्रम करावे लागतात. त्याच्या भिंती जाड होतात. आणि शेवटीं मेंदूंतील, मूत्रपिंडांतील किंवा डोळ्याच्या पडद्यामागील एखादी बारीक नळी या माऱ्याला बळी पडते.

हा जोर मोजण्याची सोय मात्र फार जुनी नाहीं. इटलींतील रीवा-रोची यानें १८९६ मध्यें दंडाला गुंडाळावयाच्या हवेच्या पट्ट्याची आणि पाऱ्याच्या नळीची युक्ति काढली. १९०५ मध्यें कोरोत्कोव्ह नांवाच्या रशियन शस्त्रवैद्यानें, पट्टा सैल करतांना कोंपराच्या खळींत श्रवणनळी लावली तर ठोके ऐकूं येतात आणि कांहीं वेळानें नाहींसे होतात, हें दाखविलें. ठोका ऐकूं येऊं लागतो तेव्हां पारा जेथें असेल तो वरचा आंकडा, आणि तो बंद पडतो तेथील खालचा. इतकें साधें हें शास्त्र. त्यामुळें रोग मोजतां येऊं लागला, पण बरा करतां येईना, अशी चमत्कारिक स्थिति पुढें चाळीस-पन्नास वर्षें टिकली.

त्या काळच्या वैद्यकानें या रोगाला दिलेलें नांवच पाहण्यासारखें आहे. ज्या वाढलेल्या दाबाचें कारण सांपडत नाहीं त्याला 'इसेन्शियल', म्हणजे आवश्यक, असें विशेषण लावीत असत. कित्येक नामांकित वैद्यांची खरोखरच अशी समजूत होती कीं, कठीण झालेल्या नळ्यांतून रक्त पुढें जाण्यासाठीं हा दाब शरीराला हवाच असतो, आणि तो उतरविण्याचा खटाटोप म्हणजे रोग्याचा घात. उपाय होते ते असे: विश्रांति, झोंपेचें औषध, मीठ वर्ज्य, अमेरिकेंत केंप्नर यानें सुरू केलेला केवळ भात आणि फळें यांचा आहार, जो फारच थोड्यांना पाळवे, आणि पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतु कापण्याची अवघड शस्त्रक्रिया. प्रेसिडेंट रूझवेल्ट यांच्याइतकी वैद्यकीय मदत पृथ्वीवर दुसऱ्या कोणास मिळाली असेल असें वाटत नाहीं. त्यांचा दाब वर्षानुवर्षें चढत असल्याच्या नोंदी आहेत. १२ एप्रिल १९४५ रोजीं डोकें फार दुखतें असें म्हणून ते बेशुद्ध पडले. तेव्हां वरचा आंकडा ३०० वर आणि खालचा १९० होता. आणि त्याच दिवशीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचें देहावसान झालें. महायुद्ध चालविणाऱ्या राष्ट्रापाशीं आपल्या अध्यक्षासाठीं एक उपयुक्त गोळी नव्हती.

त्याच वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत एक मुळी गोळ्यांच्या रूपानें रोग्यांना दिली जात होती.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ मध्यें मुंबईच्या पारशी कुटुंबांत झाला. वैद्यकाचें शिक्षण त्यांनीं लंडन येथें घेतलें आणि तेथील उच्च पदव्या मिळवून तरुण वयांतच ते मुंबईस परतले. के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेलें शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज हीं तेव्हां वयानें लहानच होतीं; रुग्णालयाचीं दारें १९२६ मध्यें उघडलीं होतीं. गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणाऱ्या वस्तीच्या मध्यभागीं तें उभें आहे. अशा ठिकाणीं मानद वैद्य म्हणून काम करणाऱ्याला रोग्यांची वाण पडत नाहीं; वाण असते ती वेळाची आणि नोंदी ठेवण्याच्या चिकाटीची. दुसरी गोष्ट डॉ. वकील यांच्यापाशीं भरपूर होती.

आतां ती मुळी. सर्पगंधा हें गुडघाभर उंचीचें झुडूप. पानें चकचकीत, फुलें पांढरीं, देठ तांबडे, फळें पिकलीं म्हणजे काळसर जांभळीं. त्याचें मूळ वांकडेंतिकडें, चवीला अत्यंत कडू. सर्पदंशावर तें देत, वेड्या माणसाला शांत करण्यासाठीं देत. बिहारांत तर 'पागल की दवा' या नांवानेंच तें बाजारांत विकलें जाई. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रांत त्याचें कुलनाम 'राउवोल्फिया' आहे. प्लुमिये नांवाच्या फ्रेंच साधूनें १७०३ मध्यें तें औग्सबुर्गच्या राउवोल्फ या सोळाव्या शतकांतील वैद्याच्या स्मरणार्थ ठेविलें. गंमत अशी कीं, बिचारा राउवोल्फ पूर्वेकडे प्रवासाला निघाला खरा, पण हिंदुस्थानापर्यंत पोंचलाच नाहीं. नांव त्याचें आणि मुळी आपली.

आधुनिक रीतीनें या मुळीकडे प्रथम पाहिलें तें बंगालच्या वैद्यांनीं. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें एका वैद्यकीय मासिकांत लेख लिहून, या मुळीच्या चूर्णानें वेडाचा जोर ओसरतो इतकेंच नव्हे तर रक्ताचा दाबहि उतरतो, असें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी यांनीं मुळींतून स्फटिकरूप अल्कलॉइड वेगळे केले, आणि त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांच्या नांवावरून अजमलिन हें नांव दिलें. कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांचे शिष्य यांनीं प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून हिमालया ड्रग कंपनीनें मुळीच्या गोळ्या 'सर्पिना' या नांवानें विकावयास काढल्या.

म्हणजे सर्पगंधेनें दाब उतरतो ही गोष्ट डॉ. वकील यांनीं शोधून काढली असें म्हणणें सत्यास सोडून होईल. आणि त्यांनीं स्वतः तसें कधींहि म्हटलें नाहीं. त्यांच्या पूर्वीं ज्यांनीं ज्यांनीं या मुळीवर काम केलें त्यांची रीतसर मोजदाद त्यांनीं पुढें १९५५ मध्यें 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकांत एका विस्तृत लेखानें केली आहे. मग त्यांचें कर्तृत्व कोणतें? येथें क्षणभर थांबलें पाहिजे, कारण सगळ्या कथेचें मर्म येथें आहे.

रक्तदाबावर एखादें औषध चालतें कीं नाहीं हें ठरविणें दिसतें त्याहून पुष्कळ अवघड आहे. दवाखान्यांत प्रथम पाऊल टाकणाऱ्या रोग्याचा दाब भीतीनेंच चढलेला असतो. दुसऱ्या खेपेस ओळख होते, तिसऱ्या खेपेस वैद्याच्या चार गोड शब्दांनीं धीर येतो, आणि आंकडा आपोआप खालीं सरकतो. मधल्या काळांत जर त्याला खडीसाखर दिली असती तरी श्रेय खडीसाखरेला मिळालें असतें. बाजारांतील शेंकडों औषधांची कीर्ति अशाच पायावर उभी असते. शिवाय कोणा एकाला गुण आला ही हकीकत गांवभर होते, आणि दहांना आला नाहीं ही हकीकत घरांतच राहते. वैद्य प्रामाणिक असला तरी स्मरणशक्ति प्रामाणिक असतेच असें नाहीं. यास्तव रोगी निवडावयाचे, ते किती आणि कोणते हें लिहून ठेवावयाचें, औषधाचें प्रमाण आणि मुदत ठरवून घ्यावयाची, आणि ज्यांना गुण आला नाहीं त्यांचेहि आंकडे तितक्याच काळजीनें मांडावयाचे. हें रुक्ष काम आहे. यांत स्फुरण नाहीं, कीर्तीचा भरंवसा नाहीं. परंतु परळच्या वॉर्डांत नेमकें हेंच काम चाललें होतें.

त्याचें फळ म्हणजे १९४९ मध्यें 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत आलेला डॉ. वकील यांचा निबंध. तो अवघा सहा पानांचा आहे. सुमारें दहा वर्षें ही मुळी वापरल्यानंतर त्यांनीं शंभराहून अधिक रोग्यांतून पन्नास निवडले आणि त्यांचे आंकडे दिले. चार आठवड्यांच्या उपचारानंतर शेंकडा ८५ रोग्यांचा वरचा आंकडा उतरला, शेंकडा ८१ जणांचा खालचा. वरच्या आंकड्यांतील घट सरासरी २१ मिलिमीटर, खालच्यांतील ११. औषध बंद केल्यावरहि बहुतेकांचा दाब लागलीच चढला नाहीं. आठवडे लोटले तरी गुण टिकून होता. ज्याला त्या काळीं औषधच नाहीं असें पाश्चात्त्य ग्रंथ सांगत, त्या रोगाबद्दल हे आंकडे होते. त्यांत चमत्कार नाहीं. शेंकडा १५ रोग्यांना गुण आला नाहीं हें त्यांतच लिहिलें आहे, आणि निबंधाचें वजन याच वाक्यामुळें वाढलें.

आजच्या कसोटीनें या प्रयोगांत उणीव आहे, हेंहि सांगणें न्यायाचें होईल. चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट पाडावयाचे, एकास औषध आणि दुसऱ्यास हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी द्यावयाची, ही पद्धति तेव्हां बाल्यावस्थेंत होती. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, पण पोकळ औषध न वापरलेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चांचणी इंग्लंडांत १९४८ मध्येंच प्रसिद्ध झाली होती. डॉ. वकील यांची चांचणी त्या प्रकारची नव्हती. तथापि जी मुळी शतकानुशतकें ऐकीव गोष्टींवर जगत होती ती प्रथमच जगांतील हृदयतज्ज्ञांच्या टेबलावर आंकड्यांसह येऊन पडली.

पुढील घटना वेगानें घडल्या. अमेरिकेंत बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनीं हिंदुस्थानांतून ही मुळी मिळवून आपल्या रोग्यांना दिली, आणि त्यांनाहि गुण आढळला. दाब तर उतरतोच, पण रोगी शांत आणि समाधानी दिसतात, असें त्यांच्या लक्षांत आलें. स्वित्झर्लंडांत बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत म्यूलर, श्लिट्लर आणि बाइन यांनीं १९५२ मध्यें मुळींतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळें काढलें. त्याचें नांव रिसर्पिन. तें कोठें सांपडलें हें ऐकण्यासारखें आहे. स्फटिकरूप अल्कलॉइड काढून घेतल्यावर जो राळेसारखा चिकट गाळ उरतो त्यांत! या गाळांत गुण शिल्लक राहतो हें भारतीय संशोधकांच्या अगोदरच ध्यानांत आलें होतें. पण तो उलगडण्याचीं साधनें त्यांच्यापाशीं तुटपुंजीं होतीं. १९५६ मध्यें अमेरिकन रसायनज्ञ वुडवर्ड यांनीं हें गुंतागुंतीचें द्रव्य प्रयोगशाळेंत पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवून दाखविलें, आणि तो रसायनशास्त्रांतील एक मोठा पराक्रम समजला जातो. दिल्लीच्या अजमलिनचा मात्र वेगळाच योग. दाबावर त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं, पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते अशा रोगांत आणि त्यांच्या परीक्षेंत तें अजूनहि वापरलें जातें.

रिसर्पिन शरीरांत करतें तरी काय? रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायूंना 'आवळा' असा निरोप मज्जातंतु देतात. हा निरोप तारेनें जात नाहीं. मज्जातंतूच्या टोकाशीं सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत नॉरॲड्रेनलिन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें, आणि संदेश येतांच त्यांतील थोडें थोडें बाहेर सुटतें. वऱ्हाडांत धान्याचीं पेवें असत. पेवांत धान्य आहे तोंवर घर चालतें. रिसर्पिन या पेवांत भर घालणारें दारच बंद करतें. बाहेर राहिलेलें द्रव्य नासून जातें, सांठा आटत जातो, आणि निरोप निघाला तरी तो पोंचविण्यासाठीं हातीं कांहीं उरत नाहीं. रोहिण्या सैल होतात, दाब उतरतो. औषधाचा गुण हळूहळू कां येतो, आणि तें थांबविल्यावरहि आठवडे कां टिकतो, हें यावरून उघड होतें: पेव रिकामें व्हावयास वेळ लागतो आणि पुन्हां भरावयासहि. परळच्या रोग्यांत जें दिसलें त्याचें कारण असें दहा वर्षांच्या आंत हातीं आलें.

परंतु असलीं पेवें मेंदूंतहि आहेत. तेथील सांठा आटला म्हणजे वेडाचा क्षोभ शांत होतो, हें खरें. म्हणून न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनीं १९५४ मध्यें मनोरुग्णांवर रिसर्पिनचे प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हां मोठी खळबळ उडाली. पण ज्याचें मन मूळचें ठिकाणावर आहे त्याच्या मेंदूंतील सांठा आटला तर काय होईल? मोठ्या मात्रेनें दीर्घकाळ औषध घेणारे कित्येक रोगी उदास होऊं लागले. कांहींनीं आत्महत्येचा प्रयत्न केल्याचींहि उदाहरणें नमूद झालीं. या दुष्परिणामानेंच शास्त्राची एक नवी वाट उघडली. स्वीडनमधील अर्व्हिद कार्ल्सन यांनीं १९५७ च्या सुमारास रिसर्पिननें निपचित पडलेल्या सशांना एल्-डोपा हें द्रव्य टोंचलें, आणि ससे पुन्हां हालूं लागले. कंपवायूवरील आजच्या उपचाराचें मूळ या प्रयोगांत आहे. त्याच संशोधनासाठीं कार्ल्सन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. एका कडू मुळीचा धागा कोठवर गेला पहा!

इतकें झालें तरी मूळ प्रश्न शिल्लकच होता. दाब उतरतो हें सिद्ध झालें. पण दाब उतरल्यानें माणूस वांचतो काय? रोहिणखेडच्या गृहस्थाचा प्रश्न हाच आहे. याचें निर्विवाद उत्तर अमेरिकेंत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखालीं दिलें. ज्यांचा खालचा आंकडा ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला तीन औषधें मिळत, त्यांत एक रिसर्पिन. दुसऱ्याला पोकळ गोळ्या. १९६७ मध्यें निकाल जाहीर झाला. पोकळ गोळ्यांच्या गटांत २७ जणांवर गंभीर आपत्ति कोसळली आणि चौघे दगावले. औषधांच्या गटांत आपत्ति दोघांवर आली, आणि दगावला कोणीच नाहीं. 'आवश्यक' दाबाची समजूत त्या दिवशीं संपली. त्या तीन गोळ्यांपैकीं एकीचें कूळ परळच्या वॉर्डांतून आलें होतें, हें त्या निकालाच्या गडबडींत किती जणांच्या ध्यानांत आलें असेल कोण जाणे.

डॉ. वकील यांची उपेक्षा झाली असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९५७ मध्यें अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक त्यांना देण्यांत आलें. वैद्यकीय जगांत या पारितोषिकाचा मान फार मोठा आहे. त्या वर्षीं त्यांच्या पंक्तीला क्लाइन, लाबोरी, लेमान यांसारखे मनोरोगांच्या औषधांचे संशोधक होते. १९५८ मध्यें भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण केलें, आणि १९६५ मध्यें शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें. तरीहि आज शिकल्यासवरल्या मराठी घरांत दहा जणांना विचारलें तर हें नांव एखाद्यालाच ठाऊक असतें. परळच्या रस्त्यानें रोज जाणाऱ्यांचीहि तीच गत. हा दोष त्यांचा नव्हे; क्रिकेटपटूंच्या धांवा तोंडपाठ असणाऱ्यांचा आहे.

त्यांचें काम एका मुळीपुरतें थांबलें नाहीं. हृदयाचा झटका येण्यापूर्वीं कांहीं रोग्यांच्या छातींत वारंवार आणि वाढत्या जोरानें कळा येतात. त्यांत अजून हृदयाचा स्नायु मेलेला नसतो, पण तो धोक्याच्या काठावर असतो. या अवस्थेवर डॉ. वकील यांनीं १९६१ पासून अमेरिकन नियतकालिकांत निबंध लिहिले. रक्त गोठूं न देणारीं औषधें या वेळीं दिलेल्या आणि न दिलेल्या रोग्यांची त्यांनीं तुलना केली, व औषध मिळालेल्यांत झटका आणि मृत्यु दोन्ही कमी आढळल्याचें नमूद केलें. आज अशा कळांना डॉक्टर 'अस्थिर अंजायना' म्हणतात आणि रोग्याला ताबडतोब रुग्णालयांत घेतात. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेला रोगपरीक्षेवरील त्यांचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनीं वापरला. भारतीय वैद्यांच्या संघटनेनें १९६९ मध्यें काढलेल्या वैद्यकाच्या मोठ्या पाठ्यपुस्तकाचे पहिले संपादक तेच होते. इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांत जे रोग चार ओळींत उरकले जात, ते येथील विद्यार्थ्याला रोज खाटेवर दिसत. त्याला आपल्या रोग्यांचें पुस्तक हवें होतें.

१९७४ मध्यें, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं ते वारले. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो अशी वार्ता 'लॅन्सेट' नियतकालिकांतून जगभर पसरली. पुढील अभ्यासांनीं ती उचलून धरली नाहीं. पण औषधाच्या नांवाला डाग लागावयाचा तो लागला. तोंवर नवीं, अधिक सौम्य औषधेंहि आलीं होतीं. आज रिसर्पिन क्वचितच दिलें जातें. अमेरिकेंत वृद्धांच्या रक्तदाबावर जी मोठी चांचणी १९९१ मध्यें पुरी झाली तींत मात्र गरजेप्रमाणें द्यावयाचें दुसरें औषध म्हणून तें अल्प मात्रेंत होतें.

सर्पगंधेचें स्वतःचें नशीब फारसें बरें नाहीं. गुण मुळांत, म्हणून औषध घ्यावयाचें तर सबंध झुडूप उपटावें लागतें. मागणी वाढली तशी जंगलें ओरबाडलीं गेलीं. १९९० पासून ही वनस्पति आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींच्या यादींत आहे, आणि औषधासाठीं तिची लागवड करावी लागते. येथें एक इशारा अस्थानीं होणार नाहीं. घरांत वाढलेल्या दाबाचा रोगी असेल तर काष्ठौषधीच्या दुकानांतून हें मूळ आणून कुटून देण्याचा मोह कोणीहि धरूं नये. दोन मुळांत द्रव्याचें प्रमाण सारखें नसतें, आणि मनाच्या उदासपणाची आपत्ति वर सांगितलीच आहे.

रोहिणखेडच्या गृहस्थाला परिचारिका आज जी गोळी देते ती बहुधा ॲम्लोडिपिनची असते. ती मज्जातंतूंच्या पेवांना हात लावीत नाहीं. रोहिणीच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवून त्यांना सैल ठेवते. महिन्याभरानें तो पुन्हां येतो. पट्टा गुंडाळला जातो, आंकडा १३० आणि ८० दिसतो, आणि तो विचारतो, "उतरला ना, मग आतां बंद करूं?" सर्पगंधेचा गुण औषध थांबविल्यावर आठवडे टिकत असे. या गोळीचा तितका टिकत नाहीं. कांहीं दिवसांतच आंकडा पूर्वपदावर येतो, आणि येतो तेव्हां पूर्वीप्रमाणेंच निमूटपणें येतो. परिचारिका त्याच्या हातांत पुढल्या महिन्याच्या गोळ्या ठेवते, कार्डावर तारीख लिहिते, आणि घरीं लोणच्याची बरणी कोठें ठेवली आहे तें विचारते.